जीवकाचा मुखत्यार

मत्स्योदरीची नवरात्रांतील यात्रा उलगडून हवेंत गारवा आला, कीं अंबडच्या दुकानांतून च्यवनप्राशाच्या बरण्या पुढल्या फळीवर येतात. त्यांपैकीं कांहींवर ‘अष्टवर्गयुक्त’ हा शब्द ठळक छापलेला असतो. त्या शब्दापायीं गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजतें. तेव्हां तो खरा कितपत, हें विचारण्याचा त्यास हक्क आहे असें आम्ही समजतों.

अष्टवर्गांतील आठ वनस्पतींपैकीं जीवक, ऋषभक, ऋद्धि व वृद्धि ह्या चार, आजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें, आमरीच्या म्हणजे ऑर्किडच्या कुळांतील होत. चरकसंहितेंतील च्यवनप्राशाच्या पाठांत ५०० आवळ्यांबरोबर ह्यांपैकीं पहिल्या तिघांचीं नांवें आहेत. जीवक हा हिमालयांतला. वृक्षांच्या ओल्या सावलींत, कुजलेल्या पाल्याच्या मातींत तो उगवतो. उंची वीत-दीड वीत, पानें मोजकीं, आणि बुडाशीं फुगलेला कंदासारखा भाग. औषधास लागतो तो हाच. म्हणजे औषध हवें तर झाड उपटणें आलेंच! शिवाय आमरीचें बीं धुळीसारखें बारीक. त्याच्या पोटांत अन्नाचा सांठा नाहीं, आणि विशिष्ट बुरशीची सोबत मिळाल्यावांचून तें रानांत रुजत नाहीं. अशा झाडावर देशभरच्या बरण्यांचा भार घातल्यास काय होईल हें सांगण्यास पंडित नको. सबंध आमरी कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७५ पासून ‘साइटीस’ करारानें परवान्याच्या बंधनांत आणला आहे. पण देशांतल्या देशांत खणणाऱ्याची कुदळ त्या करारानें थांबत नाहीं.

ही टंचाई आजची नव्हे. अष्टवर्ग राजांसही दुर्लभ, असें सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाशांत स्वच्छ सांगून ठेविलें आहे. आणि जीवक-ऋषभकांबद्दल विदारीकंद, मेदा-महामेदांबद्दल शतावरी, काकोली-क्षीरकाकोलींबद्दल अश्वगंधा व ऋद्धि-वृद्धींबद्दल वाराहीकंद घ्यावा, अशी सोयही लावून दिली आहे. ह्यांस प्रतिनिधि द्रव्यें म्हणतात. तेव्हां बरणींत विदारीकंद सांपडला म्हणून वैद्यानें शास्त्र मोडलें असें होत नाहीं. आमची तक्रार विदारीकंदाबद्दल नाहींच. बरणीवरील चिठ्ठीबद्दल आहे.

कोर्टकचेरीची ज्यांस संवय आहे त्या व्यापाऱ्यांस एक दाखला पुरे. कुलमुखत्यारानें मालकाच्या वतीनें खत करून दिलें तर तें चालतें. मात्र सही ‘अमक्यातर्फे मुखत्यार’ अशी हवी. तोच मुखत्यार आपणच मालक आहों असें भासवून सही ठोकील तर फौजदारी होईल. विदारीकंद हा जीवकाचा मुखत्यार. त्यानें मुखत्यार म्हणूनच सही करावी. कायद्याचें म्हणणें ह्याहून निराळें नाहीं. औषधांविषयींच्या १९४० च्या कायद्यांत १९६४ च्या दुरुस्तीनें आयुर्वेदिक औषधांचें स्वतंत्र प्रकरण आलें, आणि १६१ व्या नियमाप्रमाणें घटकद्रव्यांची खरी यादी वनस्पतिशास्त्रीय नांवांसह चिठ्ठीवर, अगर ती लांबलचक असल्यास सोबतच्या कागदावर, द्यावी लागते. यादी असते, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि बहुधा इंग्रजींत. बाजारास आलेल्या खेडुतानें ती वाचावी तरी कशी? ‘अष्टवर्ग’ जेवढ्या ठळक अक्षरांत, तेवढ्याच अक्षरांत ‘जीवकाऐवजीं विदारीकंद’ हें मराठींत छापण्यास कोणाची आडकाठी आहे?

‘आम्हांस खराच जीवक पाहिजे’ असा हट्ट धरणारे सुशिक्षित गृहस्थही आहेत. त्यांचा हेतु शुद्ध असेल. पण असा हट्ट म्हणजे रान खणण्यास दिलेली आगाऊ रक्कमच होय. लावणीचा जीवक मिळाला तर गोष्ट वेगळी. तो अंबडच्या उन्हांत होणें नाहीं, हें कोणी रोपें विकावयास आल्यास शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. अश्वगंधा मात्र मध्यप्रदेशांत नीमच-मंदसोरकडे शेतांत पिकविली जाते. मोसंबीच्या बागा दुष्काळांत वाळतांना पाहिलेल्या ह्या तालुक्यानें, भावाची खात्री करून, तिचा विचार करावा.

दुकानदारांस आमची सूचना एवढीच, कीं ह्या हंगामांत माल भरण्यापूर्वीं ठोक व्यापाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यावें: आंत जीवक आहे कीं प्रतिनिधि, आणि जीवक असल्यास लावणीचा कीं रानांतला. मग तें उत्तर बरणीशेजारीं भिंतीस लावावें.