अपडेटमध्ये काय बदललं, हे आपोआप कसं लिहून घ्याल?

समजा, अकोला-अमरावतीच्या कृषी केंद्रांसाठी तुम्ही बिलिंग सॉफ्टवेअर बनवता. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक संचावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. तुम्ही अपडेट दिलं, पण काय बदललं ते लिहिलंच नाही. मग दुकानदार अपडेट टाकत नाही, जुन्याच दराने बिल फाडतो अन् चिडून फोन तुम्हालाच करतो!

कोड गिटहबवर ठेवा. प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टने जोडा. नवीन रिलीज काढताना 'जनरेट रिलीज नोट्स' बटण दाबलं, की मागच्या रिलीजनंतरची यादी तयार. यादीत तुमचीच शीर्षकं येतात, बरं का! 'फिक्स' लिहाल तर 'फिक्स'च दिसेल. 'ठिबकचा जीएसटी 5 टक्के केला' असं लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या; डेटाबेसची भानगड दुकानदाराच्या काय कामाची?