बेताच्या पैशात राउटर

घरात इंटरनेट आले, की त्याच्यामागोमाग एक लहानशी पेटी येते. समोर दोन-चार लुकलुकणारे दिवे, पाठीला शिंगांसारख्या काड्या. हाच तो राउटर. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्याची आठवण होते ती मुलाच्या तासाला पडद्यावरच्या बाई बोलता बोलता थिजल्या, किंवा परदेशी असलेल्या लेकीचा आवाज नेमका कामाच्या वाक्याला तुटला, म्हणजे. मग घरात एकमताने ठराव होतो, "राउटर बदलायला पाहिजे!" दुकानदारही तयारच असतो. सहा काड्यांची, कोळ्यासारखी दिसणारी काळी पेटी तो पुढे सरकवतो आणि चार-पाच हजारांचा आकडा सांगतो. मध्यमवर्गीय संसारात ही रक्कम काही थोडी नव्हे. म्हणून पाकिटात हात घालण्यापूर्वी हे यंत्र करते काय, ते जरा पाहू.

राउटर म्हणजे तुमच्या घरातले एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र. फरक एवढाच, की ते बोलते तसे ऐकतेही. एके काळी आपल्याकडे नुसता ऐकण्याचा रेडिओ घरात ठेवायचा तरी टपाल कचेरीत फी भरून परवाना काढावा लागे. राउटर तर स्वतः लहरी सोडतो, तरी त्याला परवाना लागत नाही. याचे कारण असे, की भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली मोकळा केला, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली आणखी ऐसपैस करून दिला. पण फुकटच्या रस्त्यावर गर्दी व्हायचीच! २.४च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा अवघ्या तीन, म्हणजे १, ६ आणि ११ या क्रमांकांच्या. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वीस राउटर या तीन वाटांवरून ये-जा करतात. त्यातच कुणाच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह भट्टी सुरू झाली, की तीही याच पट्ट्यात आपला सूर मिसळते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की शहरात राहत असाल तर दोन्ही पट्टे असलेलाच, म्हणजे ड्युअल बँड राउटर घ्यावा. नुसत्या २.४चा राउटर हजाराच्या आसपास मिळतो खरा; पण तो गावाकडच्या, आजूबाजूला दुसरा राउटर नसलेल्या घराला ठीक. दाटीच्या वस्तीत ती बचत नव्हे.

तुम्ही म्हणाल, मग ५ गिगाहर्ट्झ असले म्हणजे झाले? तसेही नाही. मध्यम लहरींवरचा रेडिओ डोंगर ओलांडून खेड्यात ऐकू येतो, कारण त्या लहरींची लांबी काही शे मीटर असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ची तर पाच-सहा सेंटिमीटर. अशा लहरींना भिंत म्हणजे मोठाच अडथळा, आणि लहर जितकी आखूड तितका तो अधिक जाणवतो. अर्ध्या विटेची भिंत त्या कशाबशा ओलांडतात. सळयांच्या काँक्रीटशी त्यांचे फारसे जमत नाही. जुन्या वाड्याची दोन-अडीच फुटी भिंत किंवा कोकणातल्या घराची जांभ्या दगडाची भिंत आली, की ५ गिगाहर्ट्झ अलीकडेच थांबते. लोखंडी कपाट, आरसा, स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी यांवरून लहरी परततात, आणि पाण्याचे पिंप त्या चक्क पिऊन टाकते. आणि आपण राउटर ठेवतो कुठे? तर दिसायला बरा नाही म्हणून दूरदर्शन संचाच्या मागे, नाहीतर थेट कपाटात!

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरातच एक परीक्षा घ्या. तिला पैसा पडत नाही. संगणकाला राउटरची तार थेट जोडा आणि वेग मोजा; वेग मोजून देणारी साधने फुकट मिळतात. तारेवरसुद्धा वेग करारापेक्षा पुष्कळच कमी दिसला, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा. अशा वेळी कंपनीकडे तक्रार करा. नव्या राउटरने तो आजार बरा होणार नाही. तारेवर वेग पुरा, पण राउटरशेजारी उभे राहून फोनवर मोजला तर निम्माही नाही, असे असेल तर पेटी जुनी झाली किंवा फोन चुकून २.४च्या पट्ट्यावर बसला आहे. आणि शेजारी उभे असताना सगळे ठाकठीक, फक्त मागच्या खोलीत गेले की बोंब, असे आढळले तर दोष भिंतींचा आणि जागेचा. राउटर घराच्या मध्याकडे, डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवून पुन्हा मोजा. पुष्कळ घरांचे काम दहा-पंधरा मीटर तारेत आणि दोन खिळ्यांत होऊन जाते.

परीक्षा होऊनही नवा राउटर घ्यायचाच ठरला, तर खोक्यावरच्या आकड्यांचे थोडे व्याकरण शिकून घ्यावे. 'एसी १२००' असे लिहिलेले असते. सर्वसाधारण माणसाला वाटते, आपल्याला १२०० मेगाबिटचा वेग मिळणार. हा १२०० आला कुठून? २.४च्या पट्ट्याचे ३०० आणि ५च्या पट्ट्याचे ८६७ यांची बेरीज ११६७. ती वर उचलून केली १२००. पण तुमचा साधा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. म्हणजे दोन बैलांचे बळ एकत्र सांगून गिऱ्हाइकाला एकच बैल द्यावा, तसला हा हिशेब. शिवाय ८६७ हाही कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्या-पाऊणाइतके पदरात पडले तरी पुष्कळ. 'एएक्स १५००' या नावाची गोष्टही हीच, ३०० अधिक १२०१.

याहून मोठी गंमत मागच्या बाजूला असते. तार खोचण्याची जी खोबण, जिला पोर्ट म्हणतात, ती बऱ्याच स्वस्त एसी १२०० राउटरांत १०० मेगाबिटचीच असते. टाकी बाराशे लिटरची आणि नळ अर्ध्या इंची! तुमचा करार १०० मेगाबिटपर्यंतचा असेल तर हरकत मुळीच नाही. साधारण दीड-दोन हजारांत मिळणारा असा राउटर खुशाल घ्या. पण करार २०० किंवा ३००चा असेल तर या खोबणीतून शंभरापलीकडे थेंबही यायचा नाही, आणि वरचे पैसे दरमहा वाया जातील. अशांनी गिगाबिट पोर्ट पाहूनच घ्यावे.

उलट बाजूनेही विचार करून पाहा. उत्तम स्पष्ट चित्रपटाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. समोरासमोर बोलण्याला त्याहूनही कमी. चौघांच्या घरात सगळे एकदम पडद्याला चिकटून बसले, तरी तीस-चाळीस मेगाबिटच्या वर क्वचितच जाते. तीनशेचा करार कशासाठी घेतला, हा प्रश्न राउटरच्या आधी विचारलेला बरा.

वाय-फायच्या पिढ्यांविषयी थोडक्यात सांगतो. पाचवी पिढी म्हणजे एसी, सहावी म्हणजे एएक्स. एका वेळी दहा-पंधरा उपकरणे जोडलेली असली, तर त्यांना पाळीपाळीने सांभाळण्याचे काम सहावी पिढी अधिक चांगले करते. तिचे साधे राउटर अडीच ते साडेतीन हजारांपर्यंत मिळतात, आणि जुने फोनही त्यांच्यावर चालतात. पाच-सहा वर्षांची सोय पाहायची असेल तर हा खर्च मी योग्य समजेन. सातवी पिढी बाजारात आहे. तिच्या वाटेला तूर्त न गेलेले चांगले. काड्यांच्या संख्येवर तर एक रुपयाही जादा देऊ नये. तुमच्या फोनातच बहुधा दोन अँटेना असतात, त्यामुळे राउटरच्या सहा काड्यांचा पुरता उपयोग त्याला करून घेताच येत नाही.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको, ती सुरक्षिततेची. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातकी प्रणालीने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. तिने कुलपे फोडली नाहीत. कारखान्यातून आलेले साठ-एक ठराविक परवलीचे शब्द लावून पाहिले, आणि दारे उघडत गेली. त्याच फौजेच्या जोरावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. ज्यांच्या घरातून हा मारा चालला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा डब्ल्यूपीए ३ किंवा निदान डब्ल्यूपीए २ ही सोय असलेला आणि कंपनी ज्याच्या सुधारणा अजून पुरवते असाच राउटर घ्या. सुधारणा बंद झालेला जुना राउटर कुणी पाचशेत दिला तरी तो महागच. आणि घरी आणल्या दिवशी दोन शब्द बदला, एक वाय-फायचा आणि दुसरा राउटरच्या आतल्या व्यवस्थेचा. हा दुसराच लोक विसरतात.

एवढे करूनही एखादी खोली कोरडी राहिली, तर काय करावे? नुसता रिपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा त्या खोलीपर्यंत तार ओढून तिथे दुसरा साधा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून बसवावा. वाडा आणि जांभ्याचे घर यांना हाच उपाय लागू पडतो.

बिल करण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. काचतंतूची जोडणी असेल, तर ती बारीक तार कंपनीच्याच पेटीत शिरते. तुमचा राउटर तिच्यापुढे साध्या तारेने जोडायचा असतो, म्हणून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेसाठी केलेला एडीएसएल प्रकार पदरात पडू देऊ नका. आणि न जमल्यास किती दिवसांत परत घेता, ते बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर सर्वांत दूरच्या खोलीत, दार लावून, रात्री नऊच्या सुमारास वेग मोजा. तेव्हा सगळी इमारत जागी असते. त्या वेळीही लेकीचा आवाज अखंड आला, तर खोके आणि बिल माळ्यावर टाकायला हरकत नाही.