पीकविम्याचं गणित

पावसाळा सुरू झाला की सेवा केंद्रासमोर रांग लागते. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात पासबुक. ही रांग असते पीकविमा भरण्याची. शहरातल्या मित्रांनी ती पाहिली नसेल. पण आपली भाकरी शेतातूनच येते ना? मग हे गणित सगळ्यांनीच शिकायला हवं.

विमा म्हणजे काय? पुष्कळांनी थोडे थोडे पैसे एकत्र जमा करायचे आणि ज्यांच्यावर संकट येईल त्यांना त्यातून भरपाई द्यायची. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, बरं का! म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच शेतीविम्यावर पुस्तक लिहिलं होतं. आजची प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याने विमा रकमेच्या खरिपात जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता भरायचा असतो. उरलेला भार सरकार उचलतं. महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली.

आता खरी गंमत बघा. नुकसान मोजायचं कसं? प्रत्येक शेत मोजायला माणसं कुठून आणणार? म्हणून महसूल मंडळातली काही शेतं निवडतात. तिथे ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापतात, मळतात, वजन करतात. याला म्हणतात पीक कापणी प्रयोग. त्यावरून सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पादन काढतात.

समजा, मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांत सोयाबीनची सरासरी हेक्टरी २० क्विंटल आली. जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर २० चे ७० टक्के म्हणजे १४ क्विंटल. हे झालं 'उंबरठा उत्पादन'. यंदा मंडळात ७ क्विंटलच पिकलं, तर तूट निम्मी. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल, तर भरपाई २५,००० रुपये. त्यासाठी शेतकऱ्याने हप्ता भरला १,००० रुपये.

आणि १५ क्विंटल पिकलं तर? २० वरून ५ क्विंटल घटले खरे, पण उंबरठा ओलांडला. भरपाई शून्य!

आणखी एक गोष्ट. ओढ्याकाठचं एकच शेत वाहून गेलं आणि बाकी मंडळात पीक चांगलं आलं, तर या पद्धतीत त्या एका शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही. "हप्ता भरला, मग पैसे का नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथेच दडलेलं असतं. म्हणूनच कापणी प्रयोग होत असताना गावकऱ्यांनी तिथे हजर राहावं. वजन नीट झालं की नाही, हे आपल्याच डोळ्यांनी पाहावं.

तुम्ही काय कराल? घरी विम्याची पावती असेल, तर आई-बाबांसोबत बसून वाचा. पिकाचं नाव, गट क्रमांक, क्षेत्र बरोबर आहे का? ई-पीक पाहणीत तेच पीक नोंदवलंय का? शेतात कापूस आणि पावतीवर सोयाबीन, असं झालं तर पुढे अडचण येते.

जाता जाता एक गणित. सरासरी १० क्विंटल, जोखीमस्तर ७० टक्के, यंदाचं उत्पादन ५.६ क्विंटल, विमा रक्कम ४०,००० रुपये. भरपाई किती? आधी वहीत सोडवा, मगच खाली बघा हं!

(उत्तर : ८,००० रुपये)