गाडीच्या पोटाखालचा पत्रा

गाडी नवी असते तोवर तिच्या रंगाची, काचांची आणि गाद्यांची काळजी घरातले सगळेच घेतात. तिच्या पोटाखाली मात्र कुणी वाकून पाहत नाही. वय झाले, की प्रश्न उभा राहतो : इंजिनाखाली संरक्षक पत्रा बसवून घ्यावा की नाही? आमच्याकडे या प्रश्नावर सरळसरळ दोन पक्ष पडले. सौभाग्यवती म्हणाल्या, "पत्रा हवाच." आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, उगाच ओझं कशाला?" आणि निकाल द्यायचा होता मला!

गाडी म्हणजे 2006 सालची मारुती 800. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले; तरी पंधरा वर्षांनंतरची नोंदणी वाढवून घेऊन ती अजून सांभाळणारी घरे आहेत, त्यांतले आमचे एक. नवी गाडी घेण्याचा बेत मुलीच्या शिक्षणाने पुढे ढकलला आहे. आई राजापूरकडे गावी एकटी असते. डांबरी सडक सोडली, की घरापर्यंत जांभ्याचा कच्चा रस्ता. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध दगडांचा उंचवटा. आईला रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली, तर याच रस्त्याने आणि याच गाडीतून न्यायचे. तेव्हा हा वाद नुसत्या पत्र्याचा नव्हता.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे जे भांडे असते, त्याला गॅरेजात 'चेंबर' म्हणतात. लहान गाडीत त्यात जेमतेम अडीच-तीन लिटर तेल. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर दगडाच्या ठोक्याने तडकतो. पोलादी पत्र्याचा असेल तर नुसता पोचा पडतो. पण पोचा पडला म्हणजे थोडक्यात निभावले, असे समजू नका. तेल ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड चेंबरच्या तळाला अगदी लगटून असते. पोच्याने ते दाबले गेले, तर चेंबरात तेल असूनही इंजिन उपाशी! तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी 'एवढी गॅरेजपर्यंत नेऊ' असे न म्हणता तिथल्या तिथे बंद करावी. तेलावाचून बेअरिंगे खरवडायला वेळ लागत नाही, आणि मग येणारा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

पत्र्याचे काम हा ठोका स्वतःच्या अंगावर घेण्याचे. शिवाय पट्ट्यांवर आणि अल्टरनेटरवर उडणारा चिखल तो बराच अडवतो. कंपनीकडून येते ते बहुधा प्लॅस्टिकचे आवरण. ते चिखल अडवते, दगड नाही. तरी ते निघून पडले असेल, तर पुन्हा लावावे. काही गाड्यांत रेडिएटरच्या हवेची वाटही तेच आखून देते.

मिस्त्रींचा आक्षेप खोटा नव्हता. पाऊण मीटर औरसचौरस, 2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा जवळजवळ 9 किलो भरतो. 3 मिलिमीटरचा 13 किलो. तो जमिनीपासूनचे अंतर कमी करतो आणि, याहून वाईट, तेलाची गळती झाकून ठेवतो. एरवी फरशीवर पडणारे थेंब, जे आपल्याला वेळीच सावध करतात, ते पत्र्यावरच साचतात.

पण त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली, की मी पट्टी घेऊन गाडीखाली शिरलो. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा बसतात, म्हणून ती खाली घासते! रस्ता तोच, गाडी मात्र बुटकी झालेली. घरातली चार माणसे आत बसवून मापले, तेव्हा रिकाम्या गाडीपेक्षा अंतर इतके घटलेले दिसले, की पत्र्याआधी स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर बदलले. गतिरोधकाचे भारतीय रस्ता परिषदेने सुचवलेले माप 10 सेंटिमीटर उंची आणि 3.7 मीटर रुंदी असे आहे. त्यावरून धड गाडी सहज जाते. आमच्या सोसायट्यांपुढचे उंचवटे कोणत्या परिषदेने मापले, ते देव जाणे!

नुसती शहरात फिरणारी गाडी असती, तर मी तेवढ्यावरच थांबलो असतो. जांभ्याच्या रस्त्यासाठी मात्र 2 मिलिमीटरचा पत्रा घेतला. आधी चेंबरचे गळके पॅकिंग बदलले. पत्रा चेंबरला किंवा बॉडीच्या पातळ भागाला नव्हे, तर खालच्या मजबूत आडव्या दांड्याला बोल्टांनी कसला. वेल्डिंग करू दिले नाही. उद्या काढायचा झाला तर? गरम हवा जायला भोके, तेल सोडायच्या बोल्टापुढे वेगळी खिडकी, चेंबर आणि पत्रा यांच्यात बोटभर जागा ठेवली आणि सायलेन्सरची नळी कुठे टेकत नाही ना, हे पाहिले.

गणपतीत गावी जाऊन आलो. पत्र्यावर दोन ताजे ओरखडे आहेत, चेंबर कोरडा आहे. पत्र्यावर साचलेला लाल चिखल धुताना आत नारळाच्या काथ्याचे एक छोटेसे घरटेही सापडले. उंदरांना ही नवी गच्ची फार पसंत पडलेली दिसते, म्हणून आता महिन्याला एकदा खाली वाकून बॅटरी मारणे माझ्याकडे आले आहे.