पुराचं पाणी आणि गिअरबॉक्स : अनुमान कुठे चुकतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, न्यायशास्त्रातलं अनुमान रोजच्या जगण्यात कुठे उपयोगी पडतं का?" धूर आणि अग्नी हे उदाहरण तुम्ही हजारदा ऐकलेलं आहे. म्हणून आज आम्ही धूर सोडून गिअरबॉक्सबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हा धडा आम्हाला ग्रंथाने शिकवला होता, पण तो कळला मात्र एका जुन्या व्हॅनमुळे.

आम्ही पाचगणीला राहतो. शेजारच्या आक्कांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. दर वेळी भाड्याची गाडी परवडेना, तेव्हा आम्ही चार घरांनी मिळून एक सेकंडहँड ओम्नी घेतली. ही गाडी आपल्याकडे १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ पासून 'ओम्नी' झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, पुढच्या सीटखाली. ताकद मात्र प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना. पुढे जे सांगतो आहोत तो दोष गाडीच्या कुळाचा नाही, तिच्या वयाचा आणि तिला झालेल्या हेळसांडीचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

महिनाभरात तक्रार सुरू झाली. पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकताना 'खर्रर्र' आवाज. एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रींनी दोनदा गिअर टाकून पाहिला आणि म्हणाले, "सर, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अठरा हजार धरून चाला." आम्ही म्हटलं, थांबा, विचार करू.

आता गिअरबॉक्समध्ये घडतं काय ते पाहू. पुढे जाण्याच्या गिअरचे दात एकमेकांत कायमच अडकलेले असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आत एक स्लीव्ह सरकते आणि हवा तो गिअर शाफ्टला जखडते. पण दोघांचा फिरण्याचा वेग वेगळा असेल तर जखडणार कसं? म्हणून मध्ये पितळी सिंक्रो रिंग असते. ती घासून दोघांचा वेग सारखा करते. मात्र हे व्हायला इंजिनाची ताकद क्षणभर तोडावी लागते, आणि ते काम क्लचचं. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतोच. म्हणून क्लच पुरता सुटला नाही तर ओरड आधी तिथून येते.

म्हणजे गिअर न पडण्याची निदान दोन कारणं संभवतात : क्लच सुटत नाही, किंवा बॉक्समध्येच बिघाड आहे. दोन्ही वेगळी कशी करायची? अगदी सोपं आहे. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर लोण्यातून सुरी जावी तसे पडले आणि चालू इंजिनावर अडले, तर संशय आधी क्लचवर. बंद असतानाही अडले, तर दांड्यापासून बॉक्सपर्यंतची जोडणी किंवा खुद्द बॉक्स तपासायचा. आमच्या गाडीत बंद इंजिनावर सगळे गिअर पडले. खाली वाकून पाहिलं तर क्लच केबलचे तार तुटत आलेले. तीन-चारशे रुपयांची केबल घातली, पेडलचा खेळ नीट करून घेतला आणि खर्रर्र बंद!

आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! अठरा हजारांचं काम चारशेत! चारचौघांत आम्ही ही गोष्ट रंगवून सांगत होतो. आणि इथेच आमचा पाय घसरला.

आक्कांचा धाकटा मुलगा गाडी चालवतो. तो एकदोनदा म्हणाला होता, "सर, उतारावर तिसरा गिअर कधीकधी आपोआप सुटतो." आम्ही म्हटलं, "अरे, ते केबलमुळेच असणार. आता नाही सुटायचा." पुढच्याच आठवड्यात पसरणी घाट उतरताना, मागे आक्का बसलेल्या, वळणावर दांडा निसटून न्यूट्रलला आला. इंजिनाचा रोध गेला आणि गाडीने एकदम वेग घेतला. पोरगा शहाणा. त्याने इंजिन बंद केलं नाही, घाबरून दांड्याशी झटापट केली नाही. ब्रेकने वेग कमी केला, क्लच दाबून दुसरा टाकला आणि कडेला जागा मिळताच गाडी उभी केली. आक्का म्हणाल्या, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही, आई." आम्ही पुढच्या सीटवर बसलो होतो. आमच्या तोंडून शब्द फुटेना.

आता चूक कुठे झाली ते बघा. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला नैयायिक 'शेषवत्' म्हणतात. त्याचं ठरलेलं उदाहरण असं : नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप आहे. पाणी तर बांध घातल्यानेही चढतं, मग पुरावरून पाऊस कसा सिद्ध होणार? उत्तर मोठं सुंदर आहे. बांधाने चढलेलं पाणी आणि पावसाचा पूर एक नव्हेत. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यात पानं, फळं, लाकडं वाहत येतात. दोष अनुमानाचा नाही, खूण नीट न पाहणाऱ्याचा आहे.

गिअर न पडणं ही एक खूण. पडलेला गिअर सुटणं ही दुसरी. आम्ही दोन्हींना 'गिअरचा त्रास' असं एकच नाव दिलं आणि एका कारणाने दोन्ही मिटवून टाकल्या. क्लच नीट न सुटल्याने गिअर पडायला अडतो, पण पडलेला गिअर त्यामुळे उतारावर निसटत नाही. तो निसटतो तेव्हा स्लीव्हचे आणि गिअरचे पकडीचे दात झिजून गोल झालेले असतात, किंवा पकड धरणारी गोळी-स्प्रिंग ढिली पडलेली असते, किंवा फोर्क झिजलेला असतो. बाहेरची कारणंही असतात : दांड्याच्या जोडणीतला ढिलेपणा, किंवा बॉक्सचं माउंटिंग, ज्याला गॅरेजात 'फाउंडेशन' म्हणतात, ते तुटलेलं. बाहेरचं आधी तपासावं, कारण त्याला बॉक्स उतरवावा लागत नाही.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही : क्लच प्लेट घसरते आहे. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबल्यावर ती बंद : बॉक्समधल्या पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगचा संशय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू : रिलीज बेअरिंग. गाडी सुटताना 'ठक्' : प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जॉइंट पाहा. गिअर ऑइल काढल्यावर थोडी बारीक भुकटी दिसली तर घाबरू नका, पण पितळी चमक भरपूर असेल तर सिंक्रो रिंगा झिजल्या, आणि लोखंडाचे कपचे निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलं. ऑइल मात्र कंपनीने पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचंच घाला.

जुनी व्हॅन घ्यायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये वेग घ्या आणि अॅक्सिलरेटर एकदम सोडा. झिजलेला गिअर बहुधा तिथे निसटतो. हातात दांडा धरून गाडी चालवणं हा उपाय नव्हे. त्याने आतला फोर्क आणखी झिजतो.

शेवटी आम्ही त्याच मिस्त्रींकडे गेलो. आमच्या फाउंडेशनला आणि जोडणीला काही झालेलं नव्हतं. बॉक्स उतरवला, तिसऱ्या गिअरचे पकडीचे दात गोल झालेले, स्प्रिंग मेलेली. आम्ही म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." ते हसून म्हणाले, "नाही सर, केबल मी पाहिलीच नव्हती. तुमचंही बरोबर होतं." म्हणजे बघा, त्यांचा निष्कर्ष खरा होता पण हेतू तपासलेला नव्हता, आणि आमचा हेतू तपासलेला होता, पण निष्कर्ष आम्ही त्याच्या बाहेर ओढला. दोघांच्या चुकीचा भार वाहत होत्या मागच्या सीटवर बसलेल्या आक्का.

गाडी आता नीट चालते. आक्का मंगळवारी आणि शुक्रवारी जातात. आणि त्यांचा मुलगा "सर, एक आवाज येतोय" म्हणाला, की आम्ही उत्तर देत नाही, आधी विचारतो, "कधी येतो? कोणत्या गिअरला? चढावर की उतारावर?" अनुमान त्यानंतर.