सूक्ष्म अध्यापन म्हणजे छोटा तास नव्हे

बी.एड.च्या पहिल्या वर्षातलं ‘सूक्ष्म अध्यापन’ म्हणजे पस्तीस मिनिटांचा तास सहा मिनिटांत उरकणं, असा समज बऱ्याच पालकांचा असतो, काही छात्राध्यापकांचाही (शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारे). प्रत्यक्षात इथे आशय उरकायचा नसतो. एकाच अध्यापन-कौशल्याचा सराव करायचा असतो. नेटमध्ये फलंदाज तासभर फक्त पुढे येऊन बचाव करतो, धावा मोजत नाही, तसंच.

ही पद्धत 1963च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. भारतात रूढ झालेलं चक्र 36 मिनिटांचं आहे: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (निरीक्षकांनी सांगितलेल्या नेमक्या नोंदी), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा पाठ आणि पुन्हा प्रत्याभरण.

समजा कौशल्य प्रश्न विचारण्याचं आहे आणि विषय बाष्पीभवन. पहिल्या फेरीत ‘व्याख्या सांगा’ आणि ‘समजलं ना?’ एवढंच होतं. शिवाय प्रश्न विचारून, क्षणभरही न थांबता उत्तर स्वतःच दिलं जातं. निरीक्षक तक्त्यावर तेवढ्याच खुणा करतो. दुसऱ्या फेरीत प्रश्न येतो, ‘ओले कपडे सावलीतही का वाळतात?’ आणि मग थोडं थांबणंही येतं.

समोर पाच-दहा सहाध्यायीच विद्यार्थी म्हणून बसलेले असल्याने हे नाटकी वाटतं, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच खऱ्या वर्गातले सराव पाठ आणि शालेय छात्रसेवाकाल (शाळेत राहून केलेलं प्रत्यक्ष काम) अभ्यासक्रमात वेगळे ठेवलेले असतात.