बाळाचें वजन आणि आईचें वय

सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशीं वसलेलें वणी गांव देवीच्या यात्रेमुळें महाराष्ट्रांत घरोघरीं परिचित आहे. आदिमातेच्या दर्शनास आपण श्रद्धेनें जातों. परंतु तिच्या छायेंत अकालीं माता होणाऱ्या मुलींचा विचार कितीसा करतों? सुरगाणा-पेठ भागांतील आदिवासी कुटुंबें दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांवर मजुरीस येतात. वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, या चिंतेनें पुष्कळदां तिचें लग्न उरकलें जातें.

हा प्रश्न परक्यांचा, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा झाला, तेव्हां पुण्याच्या सुशिक्षित वर्गांतच केवढें वादळ उठलें होतें! पुढें मुलीच्या विवाहाचें वय १९२९ च्या शारदा कायद्यानें चौदा, १९४९ सालीं पंधरा व १९७८ सालीं अठरा झालें. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचा विवाह अठरापूर्वीं झाल्याचें आढळलें.

अडीच किलोंहून कमी वजनाचें मूल अशक्त समजलें जातें. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. एकाच घांसावर दोन वाढत्या जीवांचा हक्क पडतो. त्यांत रक्तक्षय असला, तर मूल अपुऱ्या दिवसांचें वा हलकें जन्मण्याचा धोका वाढतो.

अशा वेळीं परिचारिकेची खरी कसोटी लागते. घरचीं माणसें वय ‘एकोणीस’ सांगतात. तें निमूट लिहून घेतलें, तर ही जोखमीची बाळंतीण आहे हें पुढल्या डॉक्टरास कळत नाहीं. खरें लिहिलें, तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वयें पोलिसांस कळविणें भाग पडतें. आणि त्या भीतीनें पुढची मुलगी दवाखान्याची पायरीच चढत नाहीं. आमच्या मतें वय खरेंच लिहिलें जावें. परंतु उपचार आधीं व्हावा, कायद्याचा अर्थ त्या मुलीस शांतपणें सांगावा आणि तिचें नांव गांवच्या चर्चेस जाऊं नये.

उष्णतापेटी, प्राणवायुमापक, विजेचा कांटा हीं उपकरणें खचित उपकारक आहेत. पण यंत्र आहे म्हणून मायलेकरांची विनाकारण ताटातूट करणें योग्य नव्हे. कोलंबियांतील बोगोटा शहरीं १९७८-७९ च्या सुमारास सुरू झालेली, बाळास आईच्या उराशीं उघड्या अंगानें धरण्याची पद्धत आज जगन्मान्य आहे. आपल्या गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांसच नवजात बालकांच्या शुश्रूषेचें शिक्षण दिलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत नवजात मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६२ नीं घटलें. साधा कांटा, उबदार पिशवी आणि शिकविलेला हात, एवढ्यावर हें घडलें! उपचार काय चालला आहे, हें सासूस सांगण्याआधीं त्या कोवळ्या आईस सांगावें, हाही शुश्रूषेचाच धर्म.

कांटा बाळाचें वजन सांगतो. तें कमी कां भरलें, याचा जाब मात्र समाजानें द्यावयाचा असतो. आपल्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईची मुलगी शाळेंत जाते कीं नाहीं, याची चौकशी वाचकभगिनींनीं अवश्य करावी. तिच्या शिक्षणाचीं दोन-तीन वर्षें सांभाळलीं, तर पुढें एका बालकास उष्णतापेटीची गरजही कदाचित् पडणार नाहीं.